शाळा सोडल्याचा दाखला

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या आठवड्यात मंडळाच्या चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "बाई, वर्धापनदिनाला यंदा तुम्ही बोलायचे." मी म्हटले, "अहो, बत्तीस वर्षे मी लहान मुलांपुढे बोलले. मोठ्यांपुढे उभे राहिले की माझी जीभ वळत नाही." पण त्या ऐकतात थोड्याच! विषयही त्यांनीच देऊन टाकला. म्हणाल्या, "मे महिना चालू आहे, पंधरा जूनला शाळा उघडतील. नव्या वर्षासाठी शिक्षिका वर्गाची आणि मुलांची तयारी कशी करते ते सांगा. आयांना दोन उपयोगाच्या गोष्टी कळतील."

मला वाटले, एवढे मात्र आपल्याला जमेल. म्हणून मी आज उभी आहे. पण आरंभीच एक सांगून ठेवते. तयारीच्या गोष्टी सांगता सांगता माझ्या हातून झालेली एक चूकही मी सांगणार आहे. ती सांगितल्यावाचून तयारी म्हणजे काय, हे मला नीट सांगता यावयाचे नाही.

माझी निम्मी नोकरी कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात, डोंगराकडे झाली. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, शिक्षक दोन. खोल्याही दोन आणि पुढे लांबच लांब ओसरी. दोघांत मी जुनी, म्हणून मुख्याध्यापिकेचे कामही माझ्याकडेच. तो सगळा पावसाचा मुलूख. मृग लागला की डोंगर ढगांत जातो आणि मग पंधरा-पंधरा दिवस अंगावरचा कपडा वाळत नाही. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. आमची चिंता उन्हाची नसे, पावसाची असे. त्यामुळे शाळा पंधरा जूनला उघडत असली तरी आमची कामे जून लागताच सुरू होत.

पहिले काम कौलांचे. उन्हाळ्यात वळवाच्या वाऱ्याने आणि माकडांनी कौले सरकवलेली असत. खोलीच्या मधोमध उभे राहून वर पाहावयाचे. जिथून उजेडाचा कवडसा येतो तिथून पाणीही येणार, हे ठरलेले. ग्रामपंचायतीला सांगून गडी आणावयाचा आणि पावसाच्या आत कौले चाळून घ्यावयाची. दुसरे काम अडगळीचे. दीड महिना कुणाचा हात न लागलेल्या कौलांच्या आणि लाकडांच्या ढिगात विंचू हमखास निघे. ते काम मुले नसताना, भर उजेडात, काठीने करावयाचे. तिसरे काम पाण्याच्या टाकीचे. ती घासून धुवावयाची आणि आरोग्यसेविकेकडून टीसीएल पावडर मागून ठेवावयाची. चौथे पोषण आहाराच्या तांदळाचे. पोती भिंतीला टेकून ठेवली की ओल धरतात, म्हणून ती फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर अंतरावर रचावयाची. पाचवे काम मुलींच्या मुतारीच्या दाराची कडी बसवून घेण्याचे. भगिनींनो, ही कडी मी त्या वेळी पाचव्या नंबरावर घालीत असे. आज मी ती पहिल्या नंबरावर घालीन.

मग वर्ग. फळा काळा करणे हा पूर्वी मोठा सोहळाच असे. कोळसा कुटून, हिरव्या पाल्याबरोबर तो फळ्यावर घासावयाचा, आणि घरी जाताना दोन्ही हात कोपरापर्यंत काळे! पुढे डब्यातला रंग आला आणि ते काम सोपे झाले. फळ्याखेरीज आमच्या वर्गात तळफळेही होते. तळफळा म्हणजे भिंतीचा जमिनीलगतचा दोन-अडीच फुटांचा काळा पट्टा. त्यावर चौकोन आखून प्रत्येक मुलाला एक चौकोन द्यावयाचा. मोठ्या फळ्यापर्यंत पहिलीच्या मुलाचा हात पोचत नाही, तळफळ्यावर तो मांडी घालून लिहितो. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी मी प्रत्येक चौकोनावर एकेका मुलाचे नाव लिहून ठेवीत असे. मुलाला अजून वाचता येत नसे. पण "हा चौकोन तुझा" असे म्हटले की रडणारे मूलसुद्धा डोळे पुसून आपल्या चौकोनापाशी बसे. एवढ्या मोठ्या परक्या घरात दोन वीत जागा आपली आहे, ह्याचा त्याला केवढा धीर!

पहिलीला येणाऱ्या मुलांच्या घरी मी जून लागताच जाऊन येत असे. अंगणवाडीच्या ताईंकडून यादी घ्यावयाची आणि संध्याकाळी, बायामाणसे शेतातून परतली की घरोघर जावयाचे. आईला तीन प्रश्न विचारावयाचे. घरात मुलाला कोणत्या नावाने हाक मारता? ते कशाला भिते? शू लागली की सांगते का? हे प्रश्न कोणत्याही छापील तक्त्यात नाहीत. पण पहिल्या दिवशी वर्गात मूल बसेल की पळेल, हे ह्या तीन उत्तरांवर ठरते. जी मुले घरातल्या मोठ्या माणसांनी "थांब, बाईंना सांगते" असे धाकात ठेवलेली असत, त्यांना आठ-आठ दिवस माझ्या जवळ यावयाचा धीर होत नसे. म्हणून येथे बसलेल्या आयांना आणि आज्यांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलाला शाळेचा धाक घालू नका. बागुलबुवा पुरे आहे, त्यात बाईंची भर नको.

आणि मग पंधरा जून. दाराला आंब्याच्या डहाळ्यांचे तोरण, प्रभातफेरी, नवी पुस्तके, हातावर शिऱ्याचा मुटका. खोळी पांघरून, चिखल तुडवीत मुले येत. ओसरीत ओल्या खोळींची रांग लागे. हे सारे मी मनापासून करीत असे, आणि खरे सांगावयाचे तर मला त्याचा थोडा गर्वही होता. आमच्या लहानशा शाळेची तयारी पाहून जा, असे लोक म्हणत.

आता ती चूक.

२००४ सालची गोष्ट. त्या वर्षी एक मेला निकाल लागला. चौथीत नऊ मुले होती, नऊही पास झाली. रिवाजाप्रमाणे मी नऊ दाखले लिहिले, सही-शिक्का केला आणि ज्याच्या त्याच्या घरच्या माणसाच्या हाती दिले. जनरल रजिस्टरात नऊ नावांपुढे शेरा लिहिला आणि रजिस्टर मिटले. पाचवीचा वर्ग पलीकडच्या गावच्या शाळेत होता. तीन-साडेतीन किलोमीटर वाट आणि मध्ये एक ओढा. पुढची जबाबदारी त्या शाळेची, असे मी धरून चालले. माझ्या डोळ्यांपुढे जूनमध्ये येणारी पहिलीची अकरा मुले होती.

श्रावणात एके दिवशी मी शाळेकडे येत असताना बांधावर एक मुलगी म्हैस राखताना दिसली. काखेत धाकटा भाऊ. माझीच विद्यार्थिनी. नऊजणांत पाढे सर्वांत स्वच्छ म्हणणारी. तिचे नाव मी सांगत नाही, आज ती मोठी आहे, संसारात आहे. मी विचारले, "काय गं, आज शाळा नाही का?"

ती हसली आणि म्हणाली, "शाळा सुटली की बाई. तुमीच न्हाई का दाखला दिलासा, शाळा सोडल्याचा?"

भगिनींनो, मी त्या बांधावर किती वेळ उभी होते कोण जाणे. कागदाच्या मथळ्यावर ती अक्षरे मी शेकडो वेळा लिहिली होती. 'शाळा सोडल्याचा दाखला.' आम्हा शिक्षकांना त्याचा अर्थ ठाऊक, की हा पुढच्या शाळेत नेऊन द्यावयाचा कागद. पण ज्या घरात मागच्या तीन पिढ्यांत कुणी पाचवीचे तोंड पाहिलेले नाही, त्या घराने कागदावर जे लिहिले होते तेच वाचले. शाळा सोडली. त्याचा दाखला मिळाला. सही-शिक्क्यासह. आजीने तो ट्रंकेत लुगड्याच्या घडीखाली जपून ठेवला होता.

त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. आजीने गुळाचा चहा केला, दाखला काढून दाखवला, जसा दिला होता तसा, घडीसुद्धा मोडलेली नाही. मी त्यांना पुष्कळ समजावले. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बाई, पोरीला शिकवू नगं असं आमी म्हनत न्हाई. पन वड्याला पानी आलं म्हंजे तिला पलीकडं कोन न्हेऊन सोडनार? तुमी?"

मला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी मी पलीकडच्या शाळेत गेले. तेथील गुरुजी सज्जन होते. त्यांनी पाचवीचा पट माझ्यापुढे ठेवला. नऊपैकी आठ नावे होती. ते म्हणाले, "बाई, जे मूल माझ्या पटावर आलेच नाही, ते आले नाही हे मला कसे कळावे?" त्यांचेही खरेच होते. माझ्या रजिस्टरातून तिचे नाव नियमाप्रमाणे कमी झाले होते. त्यांच्या रजिस्टरात ते नियमाप्रमाणे चढले नव्हते. दोन्ही दप्तरे तपासली असती तर दोन्ही चोख निघाली असती. चूक कुठेच नव्हती, आणि मुलगी बांधावर होती.

आम्ही दोघांनी खटपट केली. ओढा उतरल्यावर, ऑक्टोबरात, तिला पाचवीत बसवले. पण चार महिने मागे पडलेली पोर. बरोबरच्या मुलींनी इंग्रजीचा, गणिताचा बराच भाग पुरा केलेला. घरी काखेतल्या भावाला पाहणारे कुणी नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती पुन्हा गेली नाही. अठरा पुरी व्हायच्या आतच तिचे लग्न झाल्याचे मला मागाहून कळले. मी ह्या गोष्टीचा शेवट गोड करून सांगू शकत नाही. तसा तो झाला नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे वीस वर्षांपूर्वीचे झाले. आज सगळे संगणकावर आहे. खरे आहे. आज प्रत्येक मुलाला क्रमांक आहे, आणि एका शाळेतून निघालेले मूल दुसऱ्या शाळेने घेतले नाही तर त्याचे नाव संगणकावर लोंबकळत राहिलेले दिसते. ही मोठीच सोय झाली. पण संगणक कुणाच्या घरी जाऊन आजीशी बोलत नाही. ते माणसानेच करावे लागते.

तुम्हाला आठवत असेल, ऑक्टोबर २०११ मध्ये आपल्या राज्यात सगळ्या शाळांची पटपडताळणी झाली होती. पटावर नावे आहेत पण वर्गात मुले नाहीत, असे प्रकार त्यात उघडकीस आले आणि वर्तमानपत्रांत गाजले. ते गाजणे योग्यच होते. पण मला त्या वेळी त्या मुलीची आठवण झाली. तिचे उलटे होते. मूल आहे आणि नाव कुठेच नाही. खोटे नाव पट तपासून सापडते. नसलेले नाव पट तपासून कसे सापडणार? त्यासाठी गल्लीतून हिंडावे लागते. ४ जुलै २०१५ ला शाळाबाह्य मुले शोधण्यासाठी सर्व राज्यात एका दिवसाचे सर्वेक्षण झाले. मीही त्यात घरोघर फिरले. पण एका दिवसात कितीशी दारे वाजवणार, आणि त्या दिवशी जे घर कामाला बाहेरगावी गेले ते राहिलेच. हे काम त्याच गल्लीत राहणाऱ्या माणसाचे आहे.

आपण कोल्हापूरकडची माणसे. शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. जो पालक मूल शाळेत पाठवणार नाही त्याला महिना एक रुपया दंड. त्या काळचा एक रुपया म्हणजे थोडीथोडकी रक्कम नव्हे! त्यांना ठाऊक होते की शाळा काढून भागत नाही, मूल तिथपर्यंत पोचले की नाही हे कुणीतरी पाहावे लागते. पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला आणि मग कोसबादच्या टेकडीवर काम केले. तिथली आदिवासी मुले गुरे राखावयास जात, शाळेत येत नसत. तेव्हा ह्या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. गुरे जिथे चरतात तिथे कुरणात शाळा नेली. तिचे नावच कुरणशाळा. मी डी.एड.ला असताना हे सारे पाठ केले होते आणि परीक्षेत त्यावर चांगले गुणही मिळवले होते. पण बांधावरची म्हैस पाहीपर्यंत ते माझ्या डोक्यात उतरले नव्हते.

त्या वर्षानंतर माझी तयारी बदलली. ती जूनमध्ये सुरू न होता मार्चमध्ये सुरू होऊ लागली, आणि येणाऱ्या मुलांपासून नव्हे, जाणाऱ्या मुलांपासून सुरू होऊ लागली. मार्चअखेरीस एका सकाळी चौथीचा वर्ग घेऊन मी पलीकडच्या गावी चालत जाई. मुलांना पाचवीचा वर्ग दाखवी, गुरुजींची ओळख करून देई, मुलींना मुतारी कुठे आहे ते दाखवी. तिची कडीही मी स्वतः ओढून पाहत असे. परत येताना मुलांची भीती निम्मी झालेली असे. दाखल्याचेही मी बदलले. घरच्यांची संमती घेऊन सगळे दाखले मी स्वतः पलीकडच्या शाळेत नेऊन देऊ लागले आणि प्रत्येक दाखल्याची पोच घेऊ लागले. जितके दाखले तितक्या पोचा, हा हिशेब जुळल्याशिवाय मी रजिस्टर मिटले नाही.

राहिला ओढा. आजीच्या प्रश्नाचे उत्तर मला एकटीला देता आलेच नसते. ते बायकांनी दिले. गावात बचत गट होता. त्याच्या बैठकीत मी ही गोष्ट जशीच्या तशी सांगितली. सगळ्या गप्प झाल्या. मग एकजण म्हणाली, "वार लावून घेऊ या की." आणि लावले! सोमवारी हिने, मंगळवारी तिने. पावसाच्या दिवसांत जिचा वार असेल तिने सकाळी सगळ्या मुलांना हाताची साखळी करून ओढ्यापलीकडे सोडावयाचे आणि संध्याकाळी आणावयास जावयाचे. पाणी चढलेले असेल त्या दिवशी कुणीही ओढ्यात पाय घालावयाचा नाही, आणि गुरुजींनी त्या दिवसाची खाडा म्हणून कुरकुर करावयाची नाही, हेही आधीच ठरले. २००५ च्या जूनमध्ये चौथी पास झालेली सातही मुले पाचवीत बसली, त्यांत चार मुली. पुढे काही वर्षांनी ओढ्यावर साकव झाला. पण आधी चार पावसाळे त्या बायकांनी काढले. त्यांतल्या बहुतेकींना सही करण्यापलीकडे लिहिता येत नव्हते.

२०१८ मध्ये मी निवृत्त झाले. त्यानंतरची एक आठवण सांगते आणि मग तुमच्याकडे एक मागणे मागते.

एकदा एसटी स्टँडवर मी गाडीची वाट पाहत उभी होते. एक बाई जवळ आली, वाकून नमस्कार केला. बरोबर दहाएक वर्षांची मुलगी. मी ओळखले नाही. ती म्हणाली, "बाई, मी." आवाजावरून ओळखले. तीच. काय बोलावे मला सुचेना. मी "कशी आहेस?" वगैरे विचारू लागले. तिने मला मध्येच थांबवले. म्हणाली, "बाई, हिची चौथी झाली. पाचवीत नाव घालायचं तर काय काय लागतं, तेवढं लिहून द्या." माझ्या पिशवीत कागद नव्हता. औषधाच्या दुकानातल्या पावतीच्या मागे मी लिहून दिले. तिने ते वाचून पाहिले. चौथी पास होती ती, वाचता येत होते. घडी घालून पदराच्या गाठीत बांधले. तिची गाडी लागली, ती गेली.

त्या पावतीमागे मी जे लिहिले तेच आता तुम्हालाही सांगते, कारण ते पुष्कळ घरांत ठाऊक नसते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घेणे हा आता कायदा आहे. तो २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. दाखला मिळावयास उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. जन्माचा दाखला नाही म्हणून अडवता येत नाही. वर्ष सुरू होऊन गेले म्हणूनही परत पाठवता येत नाही. मध्येच शाळा सुटलेले मूल आले तर त्याला वयाप्रमाणे वर्गात बसवावयाचे आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी खास शिकवावयाचे. आणि शाळेच्या व्यवस्थापन समितीत निदान तीन-चतुर्थांश माणसे पालकच असली पाहिजेत, सभासदांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. त्या जागा तुमच्यासाठीच आहेत. तिथे नुसती सही करून येऊ नका. प्रश्न विचारा.

आता मागणे. पंधरा जूनला अजून चार आठवडे आहेत. आपल्या मंडळाने एक साधी वही करावी. तिच्यात आपल्या आणि आजूबाजूच्या गल्ल्यांतली, खालच्या वस्तीतली चौथी आणि सातवी पास झालेली मुले लिहावी. रकाने दोनच. कोणत्या शाळेतून निघाले, आणि कोणत्या शाळेत गेले. पहिला रकाना भरलेला आणि दुसरा कोरा असे ज्या नावापुढे दिसेल, त्या घरी दोघींनी जावे. उपदेश करू नये. "अडचण काय आहे?" एवढेच विचारावे. कुठे वाटेची अडचण असेल, कुठे तान्ह्या भावंडाची, कुठे नुसत्या एका कागदाची. प्रत्येक अडचणीला आपल्यापैकी कुणाकडे तरी उत्तर असेल. पहिल्या दिवशी तोरण बघून आलेले मूल गणपतीपर्यंत टिकले का, दिवाळीच्या सुट्टीनंतर परत आले का, हेही त्याच वहीत पाहावे. मुले जातात ती बहुधा सुट्टीतच जातात. कुणी काढून टाकत नाही, परत यायची तेवढी राहून जातात.

आणखी एक बोलते. रागावू नका. आपल्यापैकी पुष्कळ घरी धुण्याभांड्याला बाई येते. कधी कधी तिच्याबरोबर तिची मुलगीही येते, आईला हात लावावयाला. आपण तिला चहा देतो, बिस्किट देतो, दिवाळीला फ्रॉक देतो, "किती गुणाची आहे गं" म्हणतो. पण शाळेच्या वेळी, अकरा वाजता, ती आपल्या मोरीत का आहे, हे विचारीत नाही. मीही एका वर्षी नव्हते विचारले. तेव्हा वहीतले पहिले नाव शोधण्यासाठी वस्तीत जाण्याचीही कदाचित गरज पडणार नाही. ते आपल्याच स्वयंपाकघरात सापडेल.

माझ्या चिटणीसबाईंनी मला शाळेच्या तयारीवर बोलावयास सांगितले होते. तयारी कौलांची असते, फळ्याची असते, पाण्याच्या टाकीची असते, आणि ती नीट झालीच पाहिजे. गळक्या खोलीत सरस्वती बसत नाही. पण वर्ग सजवून दारात उभ्या राहिलेल्या शिक्षिकेला आलेली मुले दिसतात. न आलेले मूल तिला दिसत नाही. ते शेजारणीला दिसते. म्हणून शाळेची अर्धी तयारी शाळेत होते आणि अर्धी तुमच्या ओट्यावर होते, एवढेच मला सांगावयाचे होते.

वहीसाठी लागणारी पहिली शंभर पानी वही मी घेऊन आले आहे. रकाने आखून ठेवले आहेत. कार्यक्रम संपल्यावर ती येथे टेबलावर ठेवते. जिला जे नाव ठाऊक असेल तिने ते लिहूनच घरी जावे.